संध्याकाळची कॉकटेल्स आणि पेयं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी ग्लासात काय असावं, ते कसं बनवावं आणि कुठे थांबावं, याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी आणि अपवाद शेवटी असा क्रम ठेवला आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दारू न घेणाऱ्यांसाठी प्रश्न १२ मध्ये सविस्तर लिहिलं आहे. तो भाग मला बाकीच्या पानाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१. कॉकटेल म्हणजे नक्की काय? दारूत कोल्ड्रिंक ओतलं की झालं का?

१८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली होती. त्यात चार गोष्टी होत्या: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे दारूत मुरवलेला मसाल्या-मुळ्यांचा कडू अर्क. आजचं ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं कॉकटेल जवळपास तसंच बनतं. नंतर लिंबू आलं, व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) आलं, फळं आणि लिकर (साखर आणि स्वाद घातलेली दारू) आली, पण मूळ विचार बदलला नाही. मद्याचा जोर, गोडवा, आंबटपणा किंवा कडूपणा आणि पाणी यांचा असा मेळ बसवायचा की एकही चव दुसरीवर चढून बसणार नाही.

दारूत कोल्ड्रिंक ओतल्यावर तो मेळ आपोआप बसत नाही, कारण त्यात गोडवा फार असतो. पण त्याच ग्लासात अर्धं लिंबू पिळा आणि कोल्ड्रिंक निम्मं करून बाकी सोडा घाला. फरक पहिल्याच घोटाला कळतो.

२. घरी सुरुवात करायला काय काय घ्यावं?

मापाचा पेला, म्हणजे जिगर, सगळ्यात आधी. अंदाजाने ओतलेलं कॉकटेल एकदा छान जमतं आणि दुसऱ्या दिवशी बिघडतं, शिवाय किती प्यायलो तेही कळत नाही. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालते. एक गाळणी, एक लांब दांड्याचा चमचा आणि लिंबू पिळायचं यंत्र, एवढं पुरे. बाटली एकच घ्यायची असेल तर पांढरी रम किंवा जिन घ्या. दहा प्रकारच्या लिकर आणून ठेवल्या तर त्यातल्या आठ वर्षभर उघडल्या जात नाहीत.

३. जेवणाआधी काय प्यावं आणि जेवणानंतर काय?

जेवणाआधी हलकं, कोरडं आणि थोडं कडू. गोड आणि दाट पेयाने भूक मरते. म्हणूनच इटलीत संध्याकाळच्या पहिल्या ग्लासात कडू लिकर असते. कंपारीचा जन्म १८६० सालचा, नोवारा शहरातला. अपेरोल १९१९ मध्ये पाडुआत आलं आणि त्यात अल्कोहोल फक्त ११ टक्के आहे. बर्फाने भरलेल्या मोठ्या वाइन ग्लासात ९० मिली प्रोसेको (इटलीची बुडबुड्यांची वाइन), ६० मिली अपेरोल आणि सोड्याचा एक शिडकावा एवढंच ओतलं की स्प्रिट्झ तयार होतं. त्याहून हलकं हवं असेल तर व्हर्मूथ, सोडा आणि संत्र्याची फोड. माझ्या मते दिवस मावळताना याच्याइतकं नेमकं पेय दुसरं नाही, आणि घरी बनवणाऱ्यांचं याच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं.

जेवणानंतर ओल्ड फॅशन्डसारखं हळूहळू प्यायचं पेय बरं. व्होडका आणि कॉफीचं एस्प्रेसो मार्टिनी चविष्ट असतं. लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने १९८० च्या दशकात ते बनवलं. पण त्यात खरीखुरी कॉफी असते, तेव्हा झोपेचा विचार करून घ्या (प्रश्न १४ पाहा).

४. अगदी पहिलं कॉकटेल कोणतं शिकू?

डायकिरी. याचं साधं रूप, गोठवलेली फळं घातलेलं नव्हे. क्यूबातल्या सांतियागोजवळच्या डायकिरी या ठिकाणावरून हे नाव पडलं. तिथल्या लोखंडाच्या खाणींवर काम करणारे अमेरिकन अभियंते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे पीत असत.

६० मिली पांढरी रम, २५ मिली ताजा लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक (प्रश्न ७). शेकर बर्फाने भरायचा, दहा-बारा सेकंद जोरात हलवायचा आणि थंड केलेल्या ग्लासात गाळायचं. बस्स.

हे आधी शिकायचं कारण म्हणजे यात काहीच लपत नाही. पहिला घोट घेऊन थांबा. जबड्याच्या कडांना झिणझिण्या आल्या तर आंबट जास्त झालंय, मग पाक ५ मिलीने वाढवा. घोट गिळल्यावर जिभेवर चिकटपणा राहिला तर पाक कमी करा. घशात जळजळ झाली तर बहुधा पुरेसं हलवलं नाही, बर्फाचं पाणी कमी पडलं. असं चार-पाच संध्याकाळी केलं की जीभ तयार होते.

आणि हेच प्रमाण पुढे उपयोगी पडतं. रमऐवजी जिन घेतली की जिन सावर होतं, व्हिस्की घेतली की व्हिस्की सावर. टकीला घेतली आणि पाकाची जागा बरीचशी संत्र्याच्या लिकरला दिली की मार्गारीटा. म्हणजे एका कृतीच्या जोरावर अर्धा डझन पेयं हाती येतात.

५. हलवायचं की ढवळायचं, हे कसं ठरवू?

लिंबाचा रस, साय, अंडं किंवा फळांचा गर असेल तर हलवायचं. सगळेच घटक पारदर्शक असतील, म्हणजे मद्य, व्हर्मूथ, बिटर्स, तर ढवळायचं. हलवल्याने हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि पेय धूसर, फेसाळ होतं. डायकिरीला ते शोभतं, जिन आणि व्हर्मूथच्या मार्टिनीचा तुकतुकीतपणा मात्र त्याने जातो. ढवळणं सावकाश चालतं, म्हणून त्याला अर्धा मिनिट तरी द्या.

६. बर्फाने पेय पाणचट होतं, मग बर्फ कमी घालू का?

उलट जास्त घाला. पाणचट होण्याची तक्रार बहुतेक वेळा कमी बर्फामुळेच येते. दोन खडे कोमट पेयात पडले की ते लगेच वितळतात आणि पेय धड गारही होत नाही. ग्लास काठोकाठ भरला की सगळं पटकन थंड होतं आणि पुढचं वितळणं मंदावतं.

वितळलेलं पाणी हा कृतीचाच भाग आहे. हलवलेल्या १०० मिली मिश्रणात साधारण २५ ते ४० मिली पाणी मिसळतं, आणि ते धरूनच मापं ठरवलेली असतात. आणखी एक गंमत म्हणजे चांगलं हलवलेलं कॉकटेल शून्य अंशाच्याही खाली जातं, बर्फ शून्याचा असला तरी. अल्कोहोलमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. बर्फ वितळत राहतो, वितळताना उष्णता ओढून घेतो आणि तापमान उणे चार-पाचपर्यंत उतरतं.

काचेसारखा स्वच्छ बर्फ हवा असेल तर पाणी उकळून फारसा उपयोग होत नाही. उष्णतारोधक डबा बिनझाकणाचा फ्रीजरमध्ये ठेवा. पाणी वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा तळाकडे ढकलली जाते. तळाचा भाग गोठायच्या आधी काढलंत तर वरचा ठोकळा पारदर्शक मिळतो. आणि फ्रीजरमध्ये कांदा-लसणाशेजारी महिनाभर पडलेला बर्फ वापरू नका. तो वास पेयात उतरतो.

७. साखरेचा पाक कसा करायचा, किती टिकतो?

साखर आणि पाणी समान वजनाने घ्या, गरम करून साखर विरघळली की बंद. उकळत ठेवायचं नाही. फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे टिकतो. धूसर दिसला किंवा वर तवंग आला की फेकून द्या. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतलं तर जास्त टिकतो, पण मग कृतीत थोडा कमी घालायचा. मध थंड पेयात विरघळत नाही, त्यालाही आधी कोमट पाण्यात सैल करून घ्या.

८. बाटलीतला लिंबाचा रस चालेल का?

नाही. इथे मी तडजोड सुचवणार नाही. ताज्या रसाची चव पिळल्यापासून काही तासांतच उतरायला लागते. बाटलीतला रस टिकावा म्हणून त्यावर प्रक्रिया केलेली असते आणि तो वास लपत नाही. संध्याकाळचा बेत असेल तर दुपारी पिळून फ्रीजमध्ये ठेवलेला चालतो, कालचा नको. सालही टाकू नका. सालीचा पातळ तुकडा ग्लासावर धरून मुरडला की तेलाचे बारीक थेंब उडून पेयावर पसरतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं त्या वासातच असतं.

९. माझा मोहितो कडवट का होतो?

पुदिना कुटल्यामुळे. पानं फाटली की हिरवा, गवतासारखा कडसर रस सुटतो. सुगंधाचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं, ते सुटायला हलका दाब पुरतो. ग्लासात पानं, पाक आणि २० मिली लिंबाचा रस घ्या, चमच्याच्या मागच्या बाजूने चार-पाच वेळा नुसती दाबा. पानं अखंड दिसली पाहिजेत. मग ४५ मिली पांढरी रम, बर्फाचा चुरा आणि वरून सोडा. सजावटीची डहाळी तळहातावर ठेवून एकदा टाळी वाजवा आणि स्ट्रॉच्या अगदी शेजारी खोचा, म्हणजे प्रत्येक घोटाला नाकाशी पुदिना येईल.

१०. टॉनिक आणि सोडा एकच ना? जिन-टॉनिकने मलेरिया बरा होतो का?

दोन्ही वेगळे. सोडा म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी. टॉनिकमध्ये क्विनीन आणि साखरही असते, आणि ती साखर बऱ्याच ब्रँडमध्ये कोल्ड्रिंकच्या जवळपास जाते. ‘सोडाच तर आहे’ असं समजून मधुमेही टॉनिक घेत असतील तर त्यांनी लेबल जरूर वाचावं.

क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीतून मिळतं. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. मलेरियावर ते औषध होतं हे खरं, पण आजच्या टॉनिकमध्ये ते फक्त चवीपुरतं असतं. अमेरिकेत दहा लाख भागांत ८३ भाग ही कमाल मर्यादा आहे, उपचाराच्या मात्रेच्या मानाने अगदी किरकोळ. अतिनील दिव्याखाली टॉनिक निळसर चमकतं ते या क्विनीनमुळेच. क्विनीनची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र टॉनिकपासून दूर राहावं.

प्रमाण: जिनच्या दुप्पट ते तिप्पट टॉनिक, गार बाटलीतून, ग्लासाच्या कडेने ओतलेलं. एकदाच हलकेच ढवळा, नाहीतर बुडबुडे निघून जातात.

११. निग्रोनी सगळ्यांना आवडते, मला कडू लागते. काय करू?

निग्रोनीत जिन, कंपारी आणि गोड लाल व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली असतं. फ्लॉरेन्समध्ये १९१९ च्या सुमारास कामिल्लो निग्रोनी या उमरावाने आपल्या अमेरिकानो कॉकटेलमध्ये सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, अशी तिची गोष्ट सांगितली जाते. तुम्ही उलट्या वाटेने जा. आधी अमेरिकानोच प्या: कंपारी, व्हर्मूथ आणि भरपूर सोडा. कडूपणाची जिभेला सवय होते, आणि दारूही कमी जाते. मिठाचे चार कणही घालून पाहा. मीठ कडू चव दाबतं.

अजून एक शंका घ्यायला हवी, ती व्हर्मूथवर. व्हर्मूथ ही वाइन आहे. उघडलेली बाटली कपाटात तीन महिने उभी असेल तर ती आंबूस आणि बेचव होते आणि निग्रोनी नुसती कडू उरते. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, महिना-दोन महिन्यांत संपवा. जिन, रम, व्हिस्की यांना ही अट नाही. सायीच्या लिकरवर लिहिलेली तारीख मात्र पाळा.

१२. दारू अजिबात नको, पण सरबतापेक्षा वेगळं, हळू पिण्याजोगं काहीतरी सांगा.

सरबत घटाघट प्यायलं जातं, कारण त्यात गोड आणि आंबट दोनच चवी असतात. पेय हळू प्यायचं तर जिभेला अडवणारं काहीतरी लागतं, आणि दारू ते काम आपल्या जळजळीने करते. ती काढली की दुसरं काहीतरी घालावंच लागतं. तुरटपणा कोऱ्या कडक चहातून येतो, तिखटपणा आल्याच्या रसातून किंवा मिऱ्यातून, कडूपणा टॉनिकमधून किंवा संत्र्याच्या पांढऱ्या सालीतून. चिमूटभर मीठ सगळ्यांना एकत्र आणतं.

एक करून पाहा. १०० मिली कडक कोरा चहा थंड करा. त्यात १५ मिली आल्याचा रस, २० मिली लिंबू, २० मिली मधाचा पाक आणि किंचित मीठ घालून बर्फाबरोबर हलवा. उंच ग्लासात गाळून वर टॉनिक ओता आणि संत्र्याची साल मुरडा. ग्लासही चांगला घ्या. न पिणाऱ्या पाहुण्याच्या हाती प्लॅस्टिकचा पेला देऊ नये.

दोन सूचना. ‘अल्कोहोल-फ्री’ लिहिलेल्या पेयात अनेक देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं. पूर्ण वर्ज्य असेल तर ०.० लिहिलेलं शोधा. आणि बिटर्समध्ये दारू असते. अँगोस्टुरा या प्रसिद्ध बिटर्समध्ये तिचं प्रमाण ४४.७ टक्के आहे. ग्लासात थेंबच पडतात, तरी धर्माने, तब्येतीने किंवा व्यसनमुक्तीमुळे दारू सोडलेल्या माणसाला विचारल्याशिवाय घालू नका.

१३. माझ्या ग्लासात नेमकी किती दारू आहे, हे कसं काढू?

मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर ग्रॅममध्ये येतं. ११ टक्क्यांची प्रोसेको धरली तर प्रश्न ३ मधलं स्प्रिट्झ सुमारे १३ ग्रॅम. ४० टक्क्यांची रम घेऊन केलेली डायकिरी १९. निग्रोनीही साधारण १९. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये व्होडका, टकीला, रम, जिन आणि संत्र्याची लिकर प्रत्येकी १५ मिली असतात, म्हणजे जवळपास २४ ग्रॅम, आणि चव कोल्ड्रिंकची. चवीवरून जोर ओळखता येत नाही, म्हणून मोजायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीशीर पुरावा असलेल्या गटात दारू १९८८ पासून आहे. हे माहीत असूनही घ्यायचं असेल तर एकच, नीट बनवलेलं, सावकाश घ्यावं असं माझं मत आहे.

१४. चढली तर लिंबूपाणी किंवा कॉफीने उतरते का? आणि झोप लागायला थोडी घेतली तर?

उतरत नाही. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं आणि त्याला घाई करता येत नाही. म्हणजे एका निग्रोनीला साधारण दोन ते पावणेतीन तास लागतात. कॉफीने फक्त झापड कमी होते, हात आणि निर्णय तसेच ढिले राहतात, आणि ‘आता गाडी चालवू शकतो’ असा खोटा भरवसा येतो. एकही ग्लास घेतला असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. आधी जेवल्याने दारू सावकाश भिनते, पण प्यायल्यावर खाऊन ती बाहेर येत नाही.

झोपेचं म्हणाल तर डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात झोप तुटक होते. शेवटचा घोट आणि अंथरूण यांत तीन-चार तास असू द्या. संध्याकाळी लवकर प्यावं ते याचसाठी.

१५. औषधं चालू आहेत, एखादं चालेल का?

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं, अफूजन्य वेदनाशामकं यांच्याबरोबर अजिबात नको. श्वास मंदावू शकतो. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर प्यायल्यावर काही तासांनी, अगदी झोपेतही, धोकादायक खाली जाऊ शकते. नेहमी पिणाऱ्यांनी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदरपणात सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही.

एक अपवाद फार जणांना ठाऊक नसतो. ग्रेपफ्रूटचा रस दारूविनाही काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो, उदाहरणार्थ कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन आणि रक्तदाबावरचं फेलोडिपिन. ही औषधं घेणाऱ्यांनी टकीला आणि ग्रेपफ्रूटच्या पालोमासारखी पेयं टाळावीत, त्यांची बिनदारूची रूपंसुद्धा.

१६. व्हिस्की सावरमध्ये कच्चं अंडं असतं. दारूने जंतू मरतात ना?

ग्लासातली दारू पातळ झालेली असते आणि वेळही मिनिटांचा असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. पाश्चराइज्ड पांढरा भाग वापरा. किंवा काबुली चणे शिजवलेलं पाणी ३० मिली घ्या, फेस तितकाच दाट येतो. आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून.

१७. पाहुण्यांसाठी आधी बनवून ठेवता येईल का?

ढवळायची पेयं उत्तम ठेवता येतात, फक्त बर्फाचं पाणी आपण घालायचं. आठ निग्रोनींसाठी प्रत्येक घटक २४० मिली आणि वर सुमारे १६० मिली पाणी, बाटलीत भरून फ्रीजमध्ये. लिंबू असलेल्या पेयांत रस त्याच दिवशी घाला (प्रश्न ८), आणि सोडा किंवा प्रोसेको ग्लासातच. ४० टक्क्यांचं मद्य घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना गोठत नाही, पण पाणी मिसळलेलं मिश्रण तिथे रात्रभर ठेवलं तर अर्धवट गोठतं. बुडबुड्यांची काचेची बाटली फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका. ती फुटते.

१८. बाहेर अंगणात लिंबं पिळली आणि दुसऱ्या दिवशी हातावर भाजल्यासारखे डाग आले. ॲलर्जी आहे का?

बहुधा नाही. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत फ्युरोकुमारिन नावाचे पदार्थ असतात. ते त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडलं की एक-दोन दिवसांत लाली येते, फोडही येतात, आणि मागे तपकिरी डाग कित्येक आठवडे राहतो. थेंब ओघळला असेल त्याच आकाराचा डाग दिसतो, त्यावरून ओळखता येतं. संध्याकाळच्या बेताची तयारी दुपारी उन्हात होते, म्हणून हे घडतं. लिंबं घरात पिळा आणि उन्हात जाण्याआधी हात मनगटापर्यंत साबणाने धुवा. डाग असेपर्यंत त्या जागेवर ऊन लागू देऊ नका. फोड मोठे असतील तर ते फोडू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.